मांजराचं पान दिसलं म्हणजे सर्व्हर तयार झाला असं नाही

ज्यांनी टॉमकॅट इन्स्टॉल केला त्यांचं बिल वेळेवर निघालं. ज्यांनी प्रवेश अर्जांचं ॲप्लिकेशन लिहिलं त्यांचं, म्हणजे आमचं, पेमेंट अडकवून ठेवलं. कारण काय, तर ॲप हळू चालतं. दर मीटिंगला व्हेंडरचा माणूस लॅपटॉप उघडायचा, ८०८० पोर्टवरचं टॉमकॅटचं ते मांजराचं पान दाखवायचा आणि म्हणायचा, "सर, सर्व्हर ओके आहे, कोड बघायला सांगा." मग आम्ही क्वेऱ्या तपासायच्या, इंडेक्स बघायचे, कनेक्शन पूल वाढवायचा. सर्व्हरचं लॉगिन मात्र आम्हाला द्यायचं नाही, कारण ती म्हणे त्यांची जबाबदारी.

शेवटी संस्थेच्या सचिवांकडे लेखी मागणी केली, तेव्हा कुठे लॉगिन मिळालं. 'टॉप' कमांड दिली आणि पाहतच राहिलो. सगळे कोर भरलेले, आणि ते खाणारी प्रोसेस जावा नव्हतीच. टेंप फोल्डरमधून चालणारं कुठलंसं विचित्र नावाचं काहीतरी होतं आणि युजरच्या रकान्यात होतं 'रूट'. वेबॲप्समध्ये आमच्या वॉर फाइलशेजारी एक अनोळखी फोल्डर, त्यात एकच जेएसपी. ॲक्सेस लॉग उघडला तर सगळा इतिहास ओळीने लिहिलेला: टॉमकॅटच्या मॅनेजर ॲपच्या पानाला आधी ४०१, मग २००, आणि लगेच अपलोडची पोस्ट रिक्वेस्ट. कुणीतरी परदेशी पत्त्यावरून राजरोस आत येऊन आमच्या सर्व्हरवर क्रिप्टो कॉइन काढत बसलं होतं, आणि त्याचा जाब मात्र आम्हाला विचारला जात होता.

पासवर्ड फोडावा लागलाच नव्हता. मॅनेजरला लॉगिन चुकलं की टॉमकॅट स्वतःच एक पान दाखवतो. त्यात युजर फाइल कशी लिहायची याचा नमुना असतो, नमुन्याच्या युजर-पासवर्डसकट. व्हेंडरच्या लोकांनी तो जसाच्या तसा उतरवला होता. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर टॉमकॅट तो युजर पाच मिनिटं बंद करतो खरा, पण पहिल्याच फटक्यात पासवर्ड जुळल्यावर त्याचा काय उपयोग? शिवाय मॅनेजर फक्त त्याच मशीनवरून, म्हणजे १२७ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरूनच उघडेल, अशी अट त्याच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये मुळातच असते. ती त्यांनी कॉमेंट करून टाकली होती, स्वतःच्या ऑफिसमधून सोयीनं उघडता यावं म्हणून.

यावर उत्तर काय मिळालं? "आमच्या स्कोपमध्ये इन्स्टॉलेशन होतं, हार्डनिंग नव्हतं." मग त्यांनी ती प्रोसेस किल केली आणि 'सॉल्व्हड' म्हणून मेल टाकला. क्रॉनमधल्या नोंदीने ती थोड्याच वेळात परत उभी केली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर प्रोसेस मारत बसू नका. रूट हातातून गेला असेल तर ते मशीन पुसून नव्यानेच उभं करा आणि डेटाबेसचे पासवर्डही बदला, कारण ते त्याच मशीनवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये असतात. टॉमकॅटला रूटऐवजी लॉगिन नसलेला स्वतंत्र युजर द्या. ८० आणि ४४३ पोर्टसाठी रूट लागतो ही सबब ऐकू नका. पुढे एनजिनएक्स ठेवा आणि ८०८० फायरवॉलमध्ये बंद करा.

इथे एक मेख आहे, ती कुणी सांगत नाही. एनजिनएक्स त्याच मशीनवर असेल तर टॉमकॅटला प्रत्येक रिक्वेस्ट १२७.०.०.१ वरूनच आल्यासारखी दिसते, म्हणजे मॅनेजरची ती अट आपोआप निकामी होते. रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावा, एनजिनएक्सकडून खरा पत्ता पुढे पाठवा. त्याहून बरं म्हणजे मॅनेजर, होस्ट-मॅनेजर आणि एक्झाम्पल्स ही फोल्डरं काढूनच टाका. वॉर फाइल हाताने कॉपी केल्याने कुणाचं काही अडत नाही.

९.०.३१ च्या आधीची आवृत्ती असेल तर ८००९ वरचा एजेपी कनेक्टर आधी बंद करा. २०२०मध्ये 'घोस्टकॅट' नावाने गाजलेली त्रुटी तिथलीच, आणि त्यातून वेब-इन्फमधल्या फाइलीसुद्धा बाहेरून वाचता येत होत्या. अपडेट वेळेवर करा, बॅकअप घ्या, हे काही वेगळं सांगायला नको.

मराठी नावं बिघडून दिसण्याचा घोळही आमच्याच माथी मारला होता, म्हणून तेही लिहितो. टॉमकॅट ८ पासून यूआरएलमधला मजकूर यूटीएफ-८ धरला जातो, पण फॉर्ममधून पोस्ट झालेला मजकूर ९ मध्येही मुळात आयएसओ-८८५९-१ समजूनच वाचला जातो. वेब डॉट एक्सएमएलमध्ये कॅरॅक्टर एन्कोडिंगचा फिल्टर कॉमेंट करून ठेवलेला असतो, तो चालू करा. आणखी एक: जावाच्या हीपची मर्यादा सेटएन्व्ह फाइलमध्ये कॅटालिना ऑप्ट्समध्ये लिहा. जावा ऑप्ट्समध्ये लिहिलीत तर सर्व्हर बंद करण्याची कमांडसुद्धा तेवढीच मेमरी मागते.

आणि सर्व्हरचा ताबा घेताना व्हेंडरच्या लॅपटॉपवर काही बघू नका. स्वतःच्या मोबाइलच्या नेटवर्कवरून मॅनेजरचा पत्ता टाका. ४०३ किंवा ४०४ आलं तर ठीक. पासवर्डची खिडकी उघडली तर कम्प्लिशन सर्टिफिकेटवर सही करू नका, समोरचा कितीही घाई करो.