सुख भोगणारा कोण?

शास्त्रपाठ : प्रे. कृत्ये १७:१६-३४; फिलिप्पै ४:१०-१३

अथेन्स नगरात प्रेषित पौलाची गाठ एपिकूरपंथी व स्तोयिकपंथी तत्त्वज्ञांशी पडली. मनुष्याने सुखी कसे व्हावे, हा या दोन्ही पंथांचा जिव्हाळ्याचा विषय होता. भय व हाव सोडून मित्रांच्या संगतीत साधेपणाने राहावे, असे पहिला पंथ सांगे. जे आपल्या हाती नाही त्याने चित्त ढळू देऊ नये, अशी दुसऱ्याची शिकवण. पौलाने त्यांना टाळले नाही. कलस्सै २:८ मधील इशारा पुढे करून तत्त्वज्ञानाचे पुस्तकच मिटणाऱ्या बंधुभगिनींनी हे ध्यानी घ्यावे.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात या विषयाचा खोल अभ्यास केला तो काशीच्या नीळकंठशास्त्री गोरे यांनी. १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन ते नहेम्या गोरे झाले. 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथात त्यांनी सहाही दर्शने तपासली. न्यायदर्शनातील मोक्षात दुःख उरत नाही, पण जाणीवही उरत नाही. मग त्या अवस्थेचे सुख कोणाला, असा त्यांचा आक्षेप होता. दुःखाचा कायमचा अंत हेच परम श्रेय, असे नैयायिक म्हणतात. हे उत्तर हलके लेखू नये. बेंगळुरूच्या हेब्बाळ भागात १९७३ पासून बॅप्टिस्ट हॉस्पिटल आहे. तेथे काय किंवा अन्य रुग्णालयात काय, खाटेशेजारी रात्र जागून काढणाऱ्या आप्ताला प्रथम वेदना थांबायला हवी असते. तरीही वेदना थांबल्यावर त्याचे समाधान होत नाही. आपल्या माणसाने डोळे उघडावेत, आपल्याला ओळखावे, याची तो वाट पाहतो. प्रीतीला ओळखणारा लागतो, तसाच ओळखला जाणाराही. गोऱ्यांचा शास्त्रीय आक्षेप येथे घरगुती अनुभवाला येऊन भिडतो.

स्वतः गोऱ्यांना मात्र शंकांनी अखेरपर्यंत सोडले नाही. १८९५ साली ते निवर्तले. त्यांची कन्या एलन लक्ष्मी हिचा जन्म १८५३ चा. आई तान्हेपणीच गेली. मुलगी इंग्रज कुटुंबांत वाढली आणि १८८० साली भारतात सेवेसाठी परतली. प्रभूच्या गुप्त सान्निध्यातील आनंदावर तिने रचलेले इंग्रजी गीत देशोदेशीच्या उपासनेत गायिले गेले. पित्याने तर्काने मागितलेले, जाणिवेसह असणारे सुख हाच तिच्या गीताचा विषय आहे.

विचारासाठी : समाधानी राहण्यास आपण शिकलो, असे पौल लिहितो. हे शिक्षण त्याला कोणत्या प्रसंगांतून मिळाले? स्तोयिकांच्या धीरापेक्षा ते कोठे वेगळे पडते?