धूर कोणाच्या वाट्याला?

गेल्या हिवाळ्यातील एक प्रसंग. रात्रीचे आठ वाजत आले होते आणि बाह्यरुग्ण विभाग आवरण्याची तयारी चालू होती. तेवढ्यात एक आई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावतच आत आली. प्रत्येक श्वासाबरोबर मुलाच्या बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात होती. "पोऱ्याले रातभर दम लागस," एवढेच ती म्हणाली. कुटुंब मूळचे धुळे जिल्ह्यातील. वडील पांडेसऱ्यातील एका डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये कामाला. त्या हिवाळ्यातील ही त्यांची चौथी फेरी होती.

नेब्युलायझर लावल्यावर मूल शांत झाले. मी नेहमीचा सल्ला दिला : इन्हेलर नियमित द्या, धुरापासून जपा आणि शक्य झाल्यास घर बदला. वडील शांतपणे म्हणाले, "साहेब, मिलपासून चालत दहा मिनिटांवर राहतो म्हणून महिना निभतो. लांब गेलो तर भाडं आणि रिक्षा यांतच पगार संपेल. घर बदलून जाऊ कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. औषधाच्या चिठ्ठीवर ते मावणारेही नव्हते. हवा शुद्ध ठेवण्याचे कायदे आपल्याकडे आहेत, स्वच्छ ऊर्जेच्या योजनाही आहेत; परंतु त्यांचा लाभ नेमका कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो? त्या रात्रीपासून या विषयाचा जो थोडाफार अभ्यास केला, तो आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवीत आहे.

बालकाचे फुप्फुस

वैद्यकीय वाचकांना हे परिचित आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मूल जन्मते तेव्हा त्याच्या फुप्फुसांतील वायुकोश पुरते तयार झालेले नसतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्याने वाढतात आणि फुप्फुसांची क्षमता पुढे तारुण्यापर्यंत वाढत राहते. वजनाच्या प्रमाणात लहान मूल प्रौढापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते. म्हणजेच एकाच गल्लीतील धूर बापापेक्षा लेकराच्या छातीत अधिक जातो, आणि तोही फुप्फुस घडण्याच्या काळात.

अडीच मायक्रोमीटरहून लहान कण नाकात वा घशात अडकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार या कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. दक्षिण कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांचा १९९० च्या दशकापासून दीर्घकालीन अभ्यास झाला. प्रदूषित भागांतील मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटलेली असते, असे त्यातून २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासाचा २०१५ मधील निष्कर्ष मात्र दिलासा देणारा आहे : हवा सुधारली तशी पुढच्या पिढीच्या मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारली. हे नुकसान म्हणजे दैव नव्हे. धोरणाने ते टाळता येते.

सुरतेने घालून दिलेला धडा

आपल्या शहरातील कापड प्रक्रिया उद्योग वाफ आणि उष्णता यांवर चालतो. बॉयलरमध्ये मुख्यतः कोळसा आणि लिग्नाइट जळतो. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याने राज्य मंडळाला उद्योगांना संमती देण्याचा, चिमणीसाठी मर्यादा ठरविण्याचा आणि तपासणीचा अधिकार दिला. परंतु जुन्या पद्धतीत एक उणीव होती. निरीक्षक वर्षातून मोजक्या वेळा येई आणि त्या दिवशी चिमणीतील धुराची घनता प्रति घनमीटर १५० मिलिग्रॅमच्या आत आहे की नाही, एवढेच पाही. वर्षभरात एकूण किती किलो धूळ हवेत गेली, याचा हिशेब कोणाकडेच नसे.

२०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत उत्सर्जन व्यापार योजना सुरू केली. धूलिकणांसाठी असलेली ही जगातील पहिलीच बाजारपेठ. हिची रचना समजून घेण्याजोगी आहे. प्रथम प्रत्येक चिमणीवर सतत मोजणारे यंत्र बसविले गेले. मग सर्व सहभागी कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडावी, याची एकत्रित मर्यादा ठरली. त्या मर्यादेइतके परवाने निघाले. त्यांतील बहुतांश विनामूल्य वाटले गेले, उरलेले लिलावाने विकले गेले. परवान्याचा दर किलोमागे किमान ५ आणि कमाल १०० रुपये असा बांधून दिला. ज्याने आपली गाळणयंत्रणा सुधारून धूळ कमी केली, त्याने उरलेले परवाने विकावेत. ज्याला ते जमले नाही, त्याने विकत घ्यावेत. परवान्याहून अधिक धूळ सोडणाऱ्याच्या अनामत रकमेतून भरपाई कापली जाई.

याची परीक्षाही, आपण एखाद्या औषधाची घेतो तशीच, यादृच्छिक चाचणीने झाली. ३१७ कारखान्यांपैकी १६२ बाजारपेठेत घेतले गेले. उरलेले जुन्याच पद्धतीखाली राहिले. शिकागो, येल आणि वॉरिक विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाजारपेठेतील कारखान्यांचे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटले. त्यांच्यातील ९९ टक्के कारखान्यांनी नियम पाळला. उलट जुन्या पद्धतीतील सुमारे एक तृतीयांश कारखाने मर्यादा ओलांडीत होते. धूळ कमी करण्याचा खर्चही उतरला. हे यश आपल्या शहराचे आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

बेरजेत न दिसणारे घर

तरीही त्या वडिलांचा प्रश्न सुटत नाही. ही योजना एकूण धुराची बेरीज मोजते. ज्या कारखान्याला सुधारणा महाग पडते, तो परवाने विकत घेऊन पूर्वीइतकाच धूर सोडू शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे चालून जाते, कारण तो कोठेही सुटला तरी साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढवितो. धूलिकणांचे तसे नाही. त्यांचा मोठा भार जवळच्या वस्तीवर पडतो. शहराचा एकूण धूर चतुर्थांशाने घटला तरी एका विशिष्ट भिंतीपलीकडच्या खोलीत तो घटेलच, याची हमी बेरीज देत नाही. प्रयोगात चिमण्यांचे मोजमाप झाले. मुलांच्या फुप्फुसांचे प्रत्यक्ष मोजमाप हा त्याचा भाग नव्हता.

शिवाय सगळा धोका चिमणीतूनच येतो असेही नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून बेकायदा ओतल्या जाणाऱ्या रसायनांतून विषारी वायू पसरला आणि किमान सहा जणांचा बळी गेला. त्यांत जवळच्या मिलचे कामगार होते. प्रदूषणाच्या सर्वांत जवळ कोण असतो, हे त्या पहाटे उघड झाले.

स्वच्छ ऊर्जेच्या योजनांतही हेच आढळते. २०२४ मध्ये घरगुती छतावरील सौर ऊर्जेसाठी 'पीएम सूर्यघर' योजना आली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि गुजरात त्यात अग्रेसर राहिला. आपल्यापैकी अनेकांनी तिचा लाभ घेतला असेल. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला स्वतःचे छत नाही. अनुदान घेणार कशावर? स्वयंपाकाच्या गॅससाठी २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, तेव्हा स्थलांतरितांना रहिवासाचा पुरावा देणे अवघड होते. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात त्यांना केवळ स्वयंघोषणापत्रावर जोडणी देण्याची सोय झाली. कागदपत्रातील एवढ्याशा बदलाने धोरण गरिबाच्या दारापर्यंत येऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. पुढचा अडसर मात्र दुसऱ्या सिलिंडरच्या पैशांचा असतो. त्या बालकाच्या आईनेही नंतर सांगितले, महिनाअखेरीस गॅस संपला की ती लाकूड आणि चिंध्यांवर चूल पेटविते. मी चार फेऱ्यांत तिला हे एकदाही विचारले नव्हते.

इतर राज्यांचे कायदे

'वाटा कोणाचा' हा प्रश्न काही राज्यांनी थेट कायद्यात लिहिला आहे. कॅलिफोर्नियाने कार्बन परवान्यांची बाजारपेठ २०१३ मध्ये सुरू केली. त्याआधीच, २०१२ च्या कायद्याने, त्या उत्पन्नातील एक चतुर्थांश निधी वंचित वस्त्यांच्या हितासाठी राखून ठेवला. बाजारपेठेने गरीब वस्त्यांतील प्रदूषण घटले की नाही, यावर तेथील अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादातूनच २०१७ मध्ये वस्तीपातळीवर हवा मोजण्याचा वेगळा कायदा झाला.

सुरतेची योजना सुरू झाली त्याच २०१९ साली न्यूयॉर्क राज्याने हवामानविषयक कायदा केला. २०३० पर्यंत ७० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून आणि २०४० पर्यंत संपूर्ण वीज उत्सर्जनमुक्त, ही उद्दिष्टे त्यात आली. त्याबरोबरच स्वच्छ ऊर्जेवरील खर्चाच्या लाभांपैकी किमान ३५ टक्के, आणि शक्यतो ४० टक्के, वंचित समुदायांना मिळावेत, अशी अट घातली गेली. कोणती वस्ती वंचित, हे ठरविण्यासाठी प्रदूषण, उत्पन्न आणि आरोग्य यांचे ४५ निकष लावले गेले. न्यू जर्सीच्या २०२० च्या कायद्याने नव्या प्रकल्पाला परवाना देण्यापूर्वी वस्तीवर आधीच असलेला एकत्रित भार मोजणे आवश्यक केले. अर्थात कायदा झाला म्हणजे काम झाले असे नाही. न्यूयॉर्कमध्ये नियम मुदतीत निघाले नाहीत आणि २०२५ मध्ये न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

आपल्याकडे तत्त्वाची उणीव नाही. प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हाही संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे, असे २०२४ मध्ये सांगितले. कलम १४ म्हणजे समानता; हवेचा प्रश्न समानतेशी जोडला गेला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. उणीव आहे ती वाटा मोजणाऱ्या नियमाची. सुरतेच्या योजनेत दोन गोष्टींची भर घालता येईल : दाट वस्तीलगतच्या कारखान्याला परवाने विकत घेऊनही ओलांडता येणार नाही अशी स्वतंत्र मर्यादा, आणि लिलावाच्या उत्पन्नातून त्याच वस्तीत हवामापन केंद्र, गॅसचे अनुदान, मुलांची फुप्फुसतपासणी.

आपण काय करावे?

कायदे करणे हे आपले काम नव्हे. पण कायद्याला लागणारा पुरावा रोज आपल्यासमोर येऊन बसतो. माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली : श्वसनविकाराच्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर घराचा परिसर, चुलीचे इंधन आणि जवळच्या कारखान्याचे अंतर नोंदवावे. यास दोन मिनिटे लागतात. दुसरी : आपल्या मंडळाने या नोंदी, नावे वगळून, दरवर्षी एकत्र कराव्यात आणि मंडळ व महानगरपालिका यांच्यापुढे ठेवाव्यात. तिसरी : उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आपल्या खानदेशी बांधवांची मोठी वस्ती आहे, तेथील आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर यांच्याबरोबर उज्ज्वलाचे अर्जही भरून द्यावेत.

सप्टेंबर १९९४ मधील प्लेगची आठवण आपल्यापैकी ज्येष्ठांना असेलच. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षणाच्या उंबरठ्यावर होतो. लाखो लोक शहर सोडून गेले होते. गरीब वस्तीतील घाण ही साऱ्या शहराची व्याधी असते, हे सुरत त्या आठवड्यांत शिकली. पुढे गल्लोगल्ली झाडू फिरला आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हेच शहर इंदूरसह देशात पहिले आले. २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही दहा लाखांवरील शहरांत सुरतेने पहिला क्रमांक मिळविला. कचऱ्याच्या बाबतीत जे साधले, ते हवेच्या बाबतीत शेवटच्या गल्लीपर्यंत नेणे बाकी आहे.

ते मूल आता बरे आहे; इन्हेलर चालू आहे. घर तेच आहे. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या फेऱ्या किती होतात, हे मी केसपेपरवर लिहून ठेवणार आहे. या वेळी पत्ता आणि इंधन यांच्यासह.