पाटल्या तांदळाच्या डब्यात होत्या

आईच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात, तेव्हा तिने थेट कामाच्या मावशींचं नाव घेतलं. अकरा वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या. मी आईवर विश्वास ठेवला आणि मावशींना नको ते बोलून काढून टाकलं. तीन महिन्यांनी तांदळाचा मोठा डबा रिकामा केला, तर तळाशी रुमालात बांधलेल्या पाटल्या! त्या आपणच ठेवल्याचं आईला आठवतही नव्हतं.

त्याआधी वर्षभर आमटीत दोनदा मीठ पडत होतं, दूधवाल्याचा हिशेब चुकत होता. आईने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. तरी मी 'वय झालं' म्हणून सोडून देत होते.

पाटल्या सापडल्यावर मात्र आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रक्तातलं बी-१२ आणि थायरॉईड तपासलं. त्यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. आईचं निदान मात्र अल्झायमरचं झालं. औषधांनी काही काळ आधार मिळतो, आजार बरा होत नाही.

माझी दुसरी चूक बोलण्यातली. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. "हे अजून कसे आले नाहीत?" असं आईने विचारलं की मी खरं सांगायचे. तिला ती बातमी दर वेळी नवी असायची आणि ती पहिल्या दिवसासारखी रडायची. खरं बोलण्याच्या हट्टापायी मी तिला कितीदा ते दुःख दिलं! आता मी विचारते, "बाबांना जेवायला काय आवडायचं गं?" मग ती थालीपिठाचं सांगत बसते. संध्याकाळी पिशवी भरून "मला घरी सोड" म्हणते, तेव्हा "हेच तुझं घर" असा वाद घालत नाही. "चहा घेऊन निघू," म्हणते. चहा होईतो बहुधा ती शांत होते.

तिसरी चूक कागदपत्रांची. मुखत्यारपत्र केलं की काम झालं, असं मी समजत होते. वकिलांनी सांगितलं, देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. तोवर आईची सहीही जुळेनाशी झाली होती. म्हणून निदान होताच, माणसाला कळतंय तोवर, त्याच्याच इच्छेने संयुक्त खातं, नामनिर्देशन (नॉमिनी) आणि मृत्युपत्र करून घ्या. मृत्युपत्राच्या वेळी डॉक्टरांचा दाखला जोडा.

घरात बाथरूमची आतली कडी काढा, रात्री सिलेंडर बंद करा, गळ्यातल्या लॉकेटमध्ये आपला फोन नंबर ठेवा. आणि माणूस दोन-चार दिवसांत एकदम ढासळला, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. आई अशीच भ्रमिष्टासारखी बोलू लागली, ती लघवीच्या संसर्गाने. औषध घेतल्यावर पुन्हा पहिल्यासारखी झाली.

एका रात्री तिसऱ्यांदा अंथरूण बदलताना मी तिच्यावर हात उगारला. ती लहान मुलीसारखी अंग चोरून बसली. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या भावाला फोन केला, "मला एकटीला जमत नाही." आता रात्री आईजवळ राहणाऱ्या बाईचा खर्च तो उचलतो आणि महिन्यातून चार दिवस येऊन राहतो. हे मी दोन वर्षं आधी बोलायला हवं होतं. ज्यांच्या घरात मनातलं बोलावं असं कुणी नसेल, त्यांनी ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ किंवा टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर बोलावं.

पाटल्या सापडल्या त्याच संध्याकाळी मी मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, आईची चौकशी केली, पण कामावर परत आल्या नाहीत. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कुणावर चोरीचा आळ घेऊ लागलं, तर आधी डबे उघडून बघा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.