नवं पिस्तूल अडतं तेव्हा

भाचेबुवा, नवं पिस्तूल तिसऱ्या-चौथ्या बाराला अडलं म्हणून दुकानदाराला शिव्या घालू नकोस, आणि कानस तर हातातही धरू नकोस. लहान पिस्तूल हट्टीच असतं. स्लाइड आखूड, स्प्रिंग कडक, मागेपुढे व्हायला जागा जेमतेम. मोठ्या पिस्तुलात खपून जाणारी कुचराई याला सोसत नाही.

आधी ते साफ कर. गंज चढू नये म्हणून कारखान्यातून चोपडून दिलेलं ग्रीस म्हणजे तेल नव्हे. पहिल्यांदा मॅगझीन काढ, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी बघ आणि करंगळीनं चाचपून बघ. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच खोल. स्लाइडच्या खाचांना एकेक थेंब तेल पुरे. फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझीनच्या आत तेल अजिबात नको. तिथं काजळी चिकटते, पिन जड होते आणि काडतुसाच्या टोपीवर (प्रायमरवर) ठोका हलका बसतो.

मग रेंजवर जा. तिथं अडलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदल. मॅगझीन, काडतूस आणि पकड तिन्ही एकदम बदललीस तर दोष कशाचा होता ते कधीच कळायचं नाही. मॅगझिनांच्या बुडाला मार्करनं १, २ असे आकडे घाल. एकाच आकड्यावर अडत असेल तर पिस्तूल निर्दोष, मॅगझीन बदलून घे. माझ्या पाहण्यात निम्मी भांडणं इथंच मिटतात.

तुझं पिस्तूल ३२ बोअरचं, म्हणून एक गोष्ट नीट ऐक. त्याचं काडतूस बंदुका रचणाऱ्या ब्राउनिंगचं, १८९९ सालचं. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा जराशी बाहेर येते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकतच नाही. मग तू बुडावर थापट मार, स्लाइड ओढ, काही उपयोग नाही. मॅगझीन काढून रिकामं कर आणि पुन्हा भर. प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली ना, ते बाजूनं बघत जा.

रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या खिडकीत उभी राहिली तर आधी स्वतःचं मनगट बघ. हात ढिला असला की पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडचा जोर कमी पडतो. मित्राला चार बार काढायला दे. त्याच्या हातात नीट चाललं तर औषध कुणाला द्यायचं ते कळलं!

चाप ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं, तर नळी निशाणाकडेच ठेवून सावकाश ३० सेकंद थांब. दारू कधी उशिरा पेटते. मग मॅगझीन काढ, काडतूस बाहेर घे आणि टोपी भिंगाखाली धर. खड्डा खोल असेल तर दोष काडतुसाचा. तो लॉट बाजूला ठेव. खड्डा उथळ असेल तर पिन जड झालीय किंवा स्लाइड पुरती मिटत नाहीय.

एका ठिकाणी मात्र घाई केलीस तर हात जाईल. बार फुसका वाजला, धक्का जाणवला नाही, की तिथंच थांब. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी गेली तर नळी फाटते. स्लाइड ओढून पुढचा बार काढायची सवय इथंच घात करते. पिस्तूल रिकामं कर, रेंज अधिकाऱ्याला बोलव. नळीत गज घालून ठोकत बसू नकोस.

रोज रात्री तेच एक काडतूस काढघाल करू नकोस. नाकावर आपटून आपटून गोळी पुंगळीत आत दबते आणि मग दाब भलताच वाढतो.

एवढं करूनही अडलं तर परवानाधारक गनस्मिथकडे जा. काडतूस चेंबरमध्ये चढवणारा रॅम्प घासून गुळगुळीत करण्याचे सल्ले तुला दहाजण देतील; ऐकू नकोस. दुरुस्ती करणाऱ्यालाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी नको. जाताना पिस्तूल रिकामं, परवाना खिशात. सोबत दोन्ही मॅगझिनं ने, आणि कोणत्या मॅगझिनात, कोणत्या लॉटला, कितव्या बाराला अडलं त्याचं टिपण.