जलद आणि संथ प्रभारण

वीज साठवून ठेवण्याची विद्या फार जुनी नाही. इ. स. १८०० मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने विद्युतघट तयार केला. परंतु रिता झाल्यावर पुन्हा भरता येईल असा शिसे-आम्ल घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनविला, तेव्हाच विजेचा खरा साठा शक्य झाला. त्याबरोबरच एक प्रश्नही उभा राहिला : रिता घट किती वेगाने भरावा? एके काळी हा प्रश्न कारखान्यांतील आणि मोटारींच्या बॅटऱ्या भरून देणाऱ्या दुकानांतील कारागिरांपुरता होता. आज तो प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे.

बोलीभाषेत ज्याला ‘चार्जिंग’ म्हणतात त्या प्रभारणाचे दोन मार्ग स्मार्टफोनच्या संदर्भात सांगितले जातात : एक जलद, दुसरा संथ. जलद प्रभारणाने बॅटरी खराब होते आणि संथ प्रभारणाने ती टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज निराधार नाही, परंतु तो अर्धाच खरा आहे. उरलेले अर्धे सत्य उष्ण प्रदेशात विशेष स्पष्ट होते. म्हणून येथे छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादनगर आणि तेथील स्मृतिनगर ही वसाहत उदाहरणादाखल घेतली आहे. या भागात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास चढतो. पोलाद कारखान्याचे काम तीन पाळ्यांत चालत असल्याने भिलाईतील अनेक घरांत फोन भरण्याची वेळही पाळीप्रमाणे बदलते.

घटाच्या अंतरंगात

स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन घट असतो. सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये तो प्रथम बाजारात आणला. त्यामागील संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या घटात दोन विद्युताग्रे असतात. धनाग्र लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचे असते. ऋणाग्र ग्राफाइटचे असते. दोहोंच्या मध्ये एक द्राव असतो. घट भरताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघतात, द्रावातून प्रवास करतात आणि ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. फोन वापरताना तेच आयन उलट वाटेने परततात.

ही क्रिया लग्नातील पंगतीसारखी आहे. मांडव रिकामा असतो तेव्हा पाहुणे भराभर पाटांवर बसतात. पंगत भरत आली की उरलेले पाट शोधावे लागतात आणि वेळ लागतो. अशा वेळी यजमानाने घाई करून माणसे आत लोटली, तर ती पाटावर न बसता दारातच गर्दी करतात. घटातही असेच घडते. आयन फार वेगाने आले, तर ते सर्व थरांत शिरू शकत नाहीत; काही आयन ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातुरूप लिथियम होऊन चिकटतात. त्यांतील पुष्कळसे लिथियम पुन्हा कामास येत नाही आणि घटाची क्षमता तेवढी घटते. कडाक्याच्या थंडीत हा धोका वाढतो, कारण आयनांची गती मंदावलेली असते. म्हणूनच शून्य अंशाखाली अशा घटाचे प्रभारण टाळावे लागते.

वेगाचे गणित

समजा, फोनची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची आहे. तिच्यात सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. १० वॅटच्या साध्या चार्जरने ती भरण्यास हिशेबाने दोन तास लागावेत. प्रत्यक्षात अडीच ते तीन तास लागतात. ३३ वॅटच्या चार्जरने हेच काम एक ते सव्वा तासात होते. शक्ती तिपटीहून अधिक वाढूनही वेळ त्या प्रमाणात घटत नाही. याचे कारण प्रभारणाच्या दोन अवस्थांत आहे. पहिल्या अवस्थेत ठरावीक मोठा प्रवाह सोडला जातो. घटाचा विद्युतदाब ४.२ ते ४.४ व्होल्टच्या घरात पोहोचला की दाब तेथेच स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. ही दुसरी अवस्था होय. पंगतीतील शेवटचे पाट भरण्याचा हा काळ असतो आणि या काळात चार्जरच्या मोठ्या शक्तीचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा जलद प्रभारण खरोखर जलद असते ते पहिल्या निम्म्याअधिक भागापुरतेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चार्जरवर लिहिलेले वॅट ही केवळ कमाल मर्यादा असते. किती वीज घ्यावयाची हे फोनमधील नियंत्रक मंडल ठरविते. त्यामुळे ६५ वॅटचा प्रमाणित चार्जर जुन्या फोनला जोडला, तरी फोन आपल्या कुवतीपुरतीच वीज घेतो.

विजेच्या देयकाच्या दृष्टीने दोन्ही मार्गांत नाव घेण्याजोगा फरक नाही. असा फोन रोज पूर्ण भरला, तरी वर्षाकाठी सुमारे नऊ युनिट वीज लागते. खरा खर्च बॅटरीच्या आयुष्याचा आहे.

उष्णतेचा हिशेब

प्रत्येक घटाला अंतर्गत रोध असतो आणि त्यातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट केला, तर दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता नऊपट होते. वेळ एकतृतीयांश झाला असे धरले, तरी एकूण उष्णता तिप्पट उरते आणि ती बाहेर पडण्यास अवधी मात्र एकतृतीयांशच मिळतो.

उत्पादकांनी यावर उपाय योजले आहेत. काही फोनांत एका मोठ्या घटाऐवजी दोन लहान घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे तेवढीच शक्ती निम्म्या प्रवाहात पोहोचविता येते. ओप्पो कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या पद्धतीत दाब कमी करण्याचे काम फोनऐवजी चार्जरमध्येच होते, म्हणून तेथील उष्णता फोनबाहेर राहते. शिवाय तापमान वाढू लागले की नियंत्रक मंडल स्वतःहून प्रवाह घटविते. म्हणजे चांगल्या फोनमधील जलद प्रभारण हे बेबंद नसते. त्याला लगाम असतो. परंतु भोवतालची हवा थंड असेल, तरच तो लगाम पुरा पडतो.

ॲपल कंपनी आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे तापमान योग्य मानते. स्मृतिनगरातील मे महिन्याची दुपार ही मर्यादा दहा अंशांनी ओलांडते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा तापलेल्या गच्चीखालच्या खोलीत फोन जलद गतीने भरत ठेवणे म्हणजे आधीच तापलेल्या घटात आणखी उष्णता ओतणे होय. त्या उष्णतेने द्रावाचे विघटन होते, ग्राफाइटवरील संरक्षक थर जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकून पडते.

संथपणाचा दोष

आता संथ मार्गाकडे पाहू. रात्रपाळीहून पहाटे परतलेला कामगार फोन साध्या चार्जरला लावतो, उशीजवळ ठेवतो आणि झोपी जातो. दोन-तीन तासांत बॅटरी पूर्ण भरते. फोन पुढील प्रभारण थांबवितो. परंतु घट शंभर टक्क्यांवर, म्हणजे आपल्या सर्वोच्च दाबावर, तसाच राहतो. बाहेर दिवस तापत जातो आणि उशीमुळे फोनला हवाही मिळत नाही. भरलेला घट अधिक क्रियाशील असतो. परिपूर्ण अवस्था आणि उष्णता यांचा संयोग घडला की तो काहीही काम न करता झिजू लागतो. संथ प्रभारणाचा लाभ अशा रीतीने त्याच बैठकीत हातचा जातो.

उलट, हाच कामगार पहाटेच्या गारव्यात फोन कठीण पृष्ठभागावर ठेवून अर्ध्या तासात जलद गतीने ८० टक्क्यांच्या आसपास भरून घेईल आणि चार्जर काढून ठेवील, तर त्याची बॅटरी बहुधा अधिक टिकेल. तात्पर्य, घटाचे शत्रू दोन आहेत : उष्णता आणि दीर्घकाळची परिपूर्ण अवस्था. वेग हा प्रामुख्याने उष्णतेच्या वाटेने अपाय करतो.

व्यवहारातील विवेक

यावरून काही साधे नियम हाती येतात. घाई नसेल आणि हवा गार असेल, तेव्हा संथ चार्जर उत्तम. घाई असेल तेव्हा जलद चार्जर वापरण्यास संकोच नको. मात्र फोनचे जाड आवरण काढावे आणि भरत असताना त्यावर खेळ अथवा चित्रपट चालवू नये. रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहणे हितकर. अनेक फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती चालू करावी. दिवसभराच्या प्रवासाला निघताना शंभर टक्के भरण्यात काहीच गैर नाही. बॅटरी फुगली, तर मात्र वेगाचा विचारच सोडावा : ती भरू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

हा विवेक केवळ पैसे वाचविण्यासाठी नाही. बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, दूरच्या आप्तांची खुशाली हे सारे आज एका घटावर अवलंबून आहे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांच्या बॅटरीत ८०० प्रभारणचक्रांनंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता उरावी, असे बंधन घातले आहे. लिथियम जमिनीतून काढावे लागते, आणि त्याचा शोध आता भिलाईच्या शेजारापर्यंत आला आहे : छत्तीसगडच्याच कोरबा जिल्ह्यातील कटघोरा येथील लिथियमच्या खाणपट्ट्याचा लिलाव २०२४ मध्ये झाला. ज्या बॅटरीचे आयुष्य वर्षभराने वाढते, ती तेवढ्या काळापुरते नवे खनिज जमिनीतच राहू देते.