‘आरोहण’मधल्या मुली खरंच युद्धनौकेवर होत्या का?

प्रश्न : नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर नौदलाच्या मुलींची एक मालिका लागायची. मी म्हणते ती ‘आरोहण’, आमचे हे म्हणतात ‘सी हॉक्स’. बरोबर कोण? आणि तेव्हा मुली खरोखर युद्धनौकेवर राहायच्या का? नववीतली नात विचारते आहे.
– एक वाचक, दाभोळ

उत्तर : तुम्ही बरोबर आहात. १९९६च्या सुमारास लागलेली ‘आरोहण’ ही नौदलात भरती होणाऱ्या मुलींची गोष्ट. पल्लवी जोशी यांनीच ती निर्माण केली आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. ‘सी हॉक्स’ त्यानंतरची, तटरक्षक दलावरची. दोन्हींत आर. माधवन होता, त्यामुळे यजमानांचा गोंधळ होणं स्वाभाविक आहे. अंजनवेलच्या दीपगृहापाशी उभं राहिलं की समुद्रातली जहाजं ओळखता येतात : पांढऱ्या अंगावर भगवा-निळा तिरका पट्टा असेल तर ते तटरक्षक दलाचं, नखशिखांत करडं असेल तर नौदलाचं.

आता नातीचा प्रश्न. नौदलाने महिलांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली १९९२मध्ये, पण शिक्षण, कायदा, पुरवठा, हवाई वाहतूक नियंत्रण अशा शाखांत, म्हणजे मुख्यतः किनाऱ्यावर. मधल्या काळात काही जणींना जहाजावर पाठवून पाहिलं गेलं, पण ते टिकलं नाही. मालिका वास्तवाच्या बरीच पुढे होती, आणि मला तिचं मोल यातच वाटतं. पांढऱ्या गणवेशातली मुलगी घराघरांत दिसली, तेव्हा नौदलाच्या लढाऊ जहाजांवर तिच्यासाठी जागाच नव्हती.

का नव्हती? कारण सांगितलं जायचं ते झोपायच्या खणांचं आणि न्हाणीघरांचं. युद्धनौकेवर जागेची चणचण असते हे खरंच. एकावर एक तीन बिछाने, मधून एका माणसाने अंग चोरून जावं एवढी वाट, गोडं पाणी मोजून. झोपही तुकड्यातुकड्यांची. दिवस चार-चार तासांच्या पहाऱ्यांत वाटलेला असतो. संध्याकाळी चार ते आठचा पहारा मात्र दोन-दोन तासांत तोडतात. त्यामुळे दिवसाला सहाऐवजी सात पहारे होतात आणि मध्यरात्रीची पाळी रोज एकाच्याच वाट्याला येत नाही. हर्णै-दाभोळच्या ट्रॉलरवर रात्र काढलेल्या खलाशाला हे वेगळं समजावावं लागणार नाही. मालिकांमध्ये तोफा आणि कवायत दिसते. हा कंटाळा, ही अपुरी झोप फारशी दिसत नाही. खरं आयुष्य त्यातच जातं.

पण न्हाणीघर नाही म्हणून बाईला जहाजावर घेता येत नाही, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. १७ मार्च २०२०च्या निकालात नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क मिळाला, आणि रशियन बनावटीच्या जहाजांवर महिलांसाठी स्वच्छतागृहं नाहीत ही सबब न्यायालयाने मानली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युद्धनौकांवरच्या हेलिकॉप्टरांसाठी दोन महिला निरीक्षक निवडल्या गेल्या. डिसेंबर २०२३मध्ये लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची नेमणूक जाहीर झाली, ‘आयएनएस त्रिंकत’ या जहाजाच्या कमांडिंग ऑफिसर म्हणून. नौदलाच्या जहाजाची सूत्रं हाती घेणारी ही पहिली महिला. भाऊ ईशान देवस्थळी तेव्हा ‘आयएनएस विभूती’चे कमांडिंग ऑफिसर. ‘आरोहण’नंतर सत्तावीस वर्षं लागली. मला तो उशीर अक्षम्य वाटतो.

जाता जाता एक. लढाऊ जहाजांचं नाटक तुमच्या दाभोळला नवं नाही. डिसेंबर १५०८मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने आपलं आरमार वाशिष्ठीच्या मुखाशी आणून हे भरभराटीचं बंदर जाळलं आणि पुढे दीवच्या लढाईला गेला. यावर कुणीतरी मराठीत मालिका करायला हवी. जहाजांवरची माणसं आणि धक्क्यावरची माणसं, दोन्ही बाजूंनी.

नात नववीत आहे म्हणजे वेळ हाताशी आहे. जहाज हवं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित सोडायचं नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, प्रवेश परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते आणि बारावीत असतानाच अर्ज करता येतो. मुलींना तिथे २०२२पासून प्रवेश आहे; पहिल्या १७ जणी मे २०२५मध्ये तिथून बाहेर पडल्या. अधिकारी नव्हे तर नौसैनिक व्हायचं असेल, तर अग्निवीर भरतीही मुलींना खुली आहे. आणि पोहणं आत्ताच शिकवा, परीक्षेची वाट पाहू नका.