दहा मंड्या, एक साक्षीदार

साहित्य शिकणारी मी संख्याशास्त्रात का शिरतेय, असं तुम्ही विचाराल. पण साक्ष कोणाची, किती धरायची हा प्रश्न आपल्याही विषयाचा आहेच ना?

देवास जिल्ह्यातलं लोहारदा घ्या. माळव्याचं खरिपाचं मुख्य पीक सोयाबीन. भाव पडला की शेतकऱ्यापुढे पेच: आज विकायचं की थांबायचं? भाव सरासरीकडे परतणारा असेल तर थांबण्यात अर्थ आहे. पण प्रत्येक धक्का भावात कायमचा मुरत असेल, तर जुना भाव परतेलच याची हमी नाही. या दुसऱ्या स्थितीला ‘युनिट रूट’ म्हणतात.

ती ओळखणारी डिकी-फुलर यांची 1979 ची चाचणी एकाच मालिकेवर चालते आणि मालिका छोटी असली की दुबळी पडते. म्हणून अनेक मंड्यांचे भाव एकत्र घेऊन ‘पॅनेल’ करतात. लेविन-लिन-चू (2002), इम-पेसरान-शिन (2003) या चाचण्या त्यासाठीच.

गोम इथेच आहे. मूळ रूपात या चाचण्या प्रत्येक मंडी स्वतंत्र धरतात. प्रत्यक्षात देवास, इंदूर, उज्जैन, धार एकाच तेलबाजाराकडे बघून हलतात. एकाच तोंडून ऐकलेली बातमी दहा जणांनी सांगितली म्हणून साक्षीदार दहा होत नाहीत. ओ’कॉनेल यांनी 1998 मध्ये विनिमय दरांबाबत हेच दाखवलं: हा परस्परसंबंध सोडून दिला, तर पाच टक्के चुकीची हमी देणारी चाचणी कितीतरी जास्त वेळा नसलेली स्थिरता ‘सापडली’ म्हणते.

पेसरान यांनी 2007 मध्ये प्रत्येक मालिकेच्या समीकरणात सगळ्यांची सरासरी घालून यावर उपाय दिला. त्याआधी, 2004 मध्ये, बाय आणि एंग यांनी सामायिक भाग व प्रत्येकाचा स्वतःचा भाग वेगळे तपासले. हे मला फार मोलाचं वाटतं. मंड्या-मंड्यांमधला फरक मिटत असेल, तरी सगळ्यांचा मिळून भाव भटकत राहू शकतो. आणि माल धरून बसलेल्याचं नशीब त्या सामायिक भावावरच टांगलेलं असतं.

आणखी एक. इम-पेसरान-शिन चाचणीने युनिट रूट नाकारलं, तर ‘काही मंड्या स्थिर’ एवढंच सिद्ध होतं. कोणत्या, ते नाही. नाकारलं नाही, तर युनिट रूट आहेच असंही नाही.

तेव्हा ‘भाव सावरतोच, आकडे सांगतात’ असं कुणी म्हटलं, की आधी विचारा: साक्षीदार खरंच किती होते?